हरणाला हार, चाकाला दोरा

माफ करा, मी लिहितोय.

आमच्या घरात आजवर लिहिणं म्हणजे अर्ज. नळाच्या जोडणीसाठी अर्ज, रेशनकार्डावर माझं नाव चढवायला अर्ज, पप्पांच्या रजेचा अर्ज. कॉलेजात जाणारा घरातला पहिला मीच, त्यामुळे दहावी झाल्यापासून अख्ख्या गल्लीचे अर्ज माझ्याकडे येतात. 'विषय' आणि 'आपला विश्वासू' यांच्यामध्ये काय भरायचं ते मला नीट कळतं. त्याच्या बाहेरचं काही लिहायला बसलो की वाटतं, मागून कोणीतरी येऊन विचारेल, 'तुला कोणी सांगितलं रे?' कोणीच सांगितलेलं नाही. म्हणून हवं तर हाही अर्जच समजा. विषय: कॉलेजचं एकुलतं एक चाकांचं धनुष्य मोडल्याबाबत.

धनुर्विद्येकडे मी काही ओढीने गेलो नव्हतो. प्रवेशाच्या फॉर्मवर 'खेळ' असा रकाना होता आणि फॉर्ममध्ये एकही जागा रिकामी सोडायची नाही, नाहीतर साहेब फॉर्म परत फेकतो, हे मला पप्पांनी लहानपणापासून शिकवलेलं. खेळांची यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे होती. पहिलं नाव आर्चरी. मी त्यावर खूण केली. आठवडाभराने धनुर्विद्येच्या सरांनी बोलावलं तेव्हा मला कळलं की तो रकाना ऐच्छिक होता.

हे सर मुलुंडहून दोन बस बदलून बोरिवलीला यायचे आणि आल्या आल्या दहा मिनिटं रस्त्यांना शिव्या द्यायचे. मग आम्हाला. पहिलं वर्षभर त्यांनी मला बांबूचं धनुष्य दिलं. दुसऱ्या वर्षी अमेरिकेहून खोकं आलं.

खोकं पाठवणारे गृहस्थ आमच्या कॉलेजचे जुने विद्यार्थी. तिकडे ते दरवर्षी धनुष्यबाणाने शिकार करतात, कायदेशीर परवाना काढून. नवीन धनुष्य घेतलं म्हणून त्यांनी जुनं कॉलेजला भेट दिलं. बरोबर खऱ्याएवढं, जाड फोमचं एक हरीण आणि एक पत्र. पत्रात लिहिलं होतं की हरणांचा सीझन सुरू होण्याआधी आम्ही अशाच हरणावर सराव करतो. सरांनी ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि चष्मा काढून म्हणाले, "बघा. तिकडे हरणांचा सीझन असतो. आपल्याकडे आंब्यांचा."

मी घरी सांगितलं तेव्हा पप्पांचा विश्वासच बसेना. पप्पा जंगलात रोजंदारीवर काम करतात. बोरिवलीच्याच जंगलात. रोपांना पाणी घालायचं, कुंपणं दुरुस्त करायची, हरणांच्या पाण्याच्या टाक्या घासायच्या.

"परवानगी देतात मारायची? कागदावर?"

"हो पप्पा. परवाना असतो."

"आणि त्यावर सही कोण करतो?"

मला माहीत नव्हतं. पप्पा आईला म्हणाले, "बाप हरणं राखतो आणि पोरगा हरणं मारतो. चांगलं चाललंय आपलं."

"फोमचं आहे हो," आई म्हणाली.

"सुरुवात फोमनेच होते."

ते धनुष्य मात्र झकास होतं. वर एक चाक, खाली एक चाक, मध्ये दोऱ्यांचं जाळं. दोरी ओढताना आधी खांदा निखळेल असं वाटायचं आणि मग एकदम निम्म्याहून जास्त वजन गायब व्हायचं, जसं काही पलीकडून कोणीतरी 'दे, मी धरतो' म्हटलं. अंगावर पानांची हिरवी-तपकिरी नक्षी होती, हरणाला दिसू नये म्हणून. स्पर्धेत तसली नक्षी चालत नाही म्हणे, म्हणून सरांनी त्याला वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळली. मग ते शिकाऱ्याचं न वाटता कोणाच्या तरी घरच्या जुन्या मिक्सरसारखं दिसायला लागलं.

हरीण मैदानाच्या कोपऱ्यात उभं असायचं. सर उशिरा आले की आम्ही हजेरीचा कागद हरणासमोर धरायचो. ते नाही म्हणायचं नाही. रात्री ते बाहेरच राहायचं, कारण क्रीडा विभागाच्या खोलीच्या दारातून त्याची शिंगं आत जात नव्हती. एखाद्या रात्री बिबट्या येऊन ते खाईल आणि बिचाऱ्याला आठवडाभर बद्धकोष्ठ होईल, अशी आम्हाला खरीखुरी भीती होती.

ते धनुष्य आम्ही दोघं वापरायचो. मी आणि तिसऱ्या वर्षाची एक मुलगी. नाव लिहीत नाही, ती गोरेगावहून यायची म्हणून गोरेगावची म्हणतो. आमच्या दोघांच्या हातांची लांबी सारखी होती, एवढंच आमच्यात साम्य. ती खरी धनुर्धर होती. तिचे सहा बाण हरणाच्या खांद्यामागे माझ्या पंजाएवढ्या जागेत बसायचे. माझे सहा बाण पाहून सर विचारायचे, "तू त्याला मारतोयस की टोचून टोचून त्रास देतोयस?"

तिचं ते शेवटचं वर्ष होतं. दसऱ्यानंतर तेरा दिवसांनी निवड चाचणी होती, त्यातून विद्यापीठाचा संघ ठरणार होता. तिच्या घरची मंडळी तीन पिढ्या गोरेगावात, सगळे ऑफिसातले, सगळे पाच-पंचावन्नच्या लोकलने घरी परतणारे. तिने वडिलांशी करार केला होता. संघात आली तर पदवीनंतर दोन वर्षं फक्त धनुष्य. नाही आली तर जूनपासून काकांच्या ओळखीने विमा कंपनीत नोकरी आणि धनुष्य बंद. हे तिने मला वडापाव खाताना सांगितलं होतं, अगदी सहज, चटणी कमी आहे हे सांगावं तसं. पण मला ते कायम लक्षात राहिलं.

आता दोऱ्याकडे येतो.

क्रीडा विभागाची खोली एक मामा सांभाळायचे. वय साठीजवळ, गाव सावंतवाडीकडचं, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खंडेनवमीला मामा सगळ्या सामानाची पूजा करायचे. सगळ्या म्हणजे सगळ्या. डंबेल्स, क्रिकेटच्या बॅटी, कॅरम, व्हॉलीबॉलची हवा भरायचा पंप. प्रत्येकाला हळद-कुंकू, झेंडूची माळ आणि लाल दोरा. वजनाच्या काट्यालासुद्धा त्यांनी कुंकू लावलं होतं. त्यावर उभं राहायला मग कोणी धजेना आणि आमच्या कुस्तीवाल्यांची फार सोय झाली.

धनुष्याला दोरा कुठे बांधायचा हा मामांना प्रश्न पडला. शेवटी म्हणाले, वरचं चाक म्हणजे त्याचं डोकं. आणि त्यांनी लाल दोऱ्याचे पाच वेढे वरच्या चाकाशी, अगदी आसाला लागून घेतले आणि गाठ मारली. मी बाजूलाच ताट धरून उभा होतो.

"आता ह्यो सोडूचो नाय हां, झिला," ते मला म्हणाले. "आपोआप तुटान पडाक व्हयो."

मी मान डोलावली.

आमच्याकडे ही पूजा नसते. आम्ही बौद्ध. दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जातो, आणि एका सम्राटाने शस्त्रं कायमची खाली ठेवली त्याची आठवण तिथे दरवर्षी भाषणात काढतात. म्हणजे आदल्या दिवशी मी शस्त्राच्या पूजेचं ताट धरलं आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र टाकल्याचं भाषण ऐकलं. एकीकडे प्रसाद मिळाला, दुसरीकडे खीर. माझी तक्रार नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सरावाला लवकर गेलो. सर अजून मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये कुठेतरी शिव्या देत होते. धनुष्याला झेंडूची माळ होती तशीच. ती काढायला हरकत नव्हती, फुलं सुकली होती. पण टाकायची कुठे? पूजेची माळ कचऱ्यात टाकली तर कोणाला तरी वाईट वाटेल. मी ती हरणाच्या गळ्यात घातली. छान दिसत होतं. एखाद्या सोसायटीच्या नव्या अध्यक्षासारखं.

राहिला दोरा.

मी तो बघितला. दोरीपासून बोटभर अंतरावर होता, एक टोक लोंबत होतं. मला कळत होतं की हा इथे नको. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चाकात केसही जाता कामा नये. खिशात नेलकटर होतं. पण मला वाटलं, हे आपल्या घरचं नाही. आपल्या घरचं असतं तर कापलं असतं, मग आईशी भांडलो असतो. दुसऱ्याने श्रद्धेने बांधलेलं आपण कसं तोडायचं? त्यात मी. उद्या मामा म्हणाले असते, 'तुम्हाला काय त्याचं.' ते असं काही म्हणणारे नव्हते, पण म्हणतील ही भीती मला लहानपणापासून आहे आणि ती मला न विचारता काम करते. मी लोंबणारं टोक वेढ्यांच्या आत खोचलं. नीट. स्वतःवर खूश झालो.

पहिले दोन बाण ठीक गेले. तिसऱ्या बाणाला दोरी ओढली, ते हलकं होण्याचं ठिकाण आलं, मी हरणाच्या खांद्यामागे नेम धरला आणि सोडलं.

आवाज लाकूड मोडल्यासारखा नव्हता. कोणीतरी बंद खोलीत स्टीलचं पिंप आपटावं तसा होता. टोक वेढ्यातून सुटून चाकाच्या खाचेत गेलं होतं, दोरी खाचेतून उडाली, वरच्या चाकाला धरणारं पातं उभं चिरलं आणि अख्खं धनुष्य माझ्या हातात माशासारखं तडफडून माझ्या ओठावर आपटलं. मी खाली बसलो. जीभ सगळ्या दातांवरून फिरवली. सगळे होते.

बाण कुठे गेला ते मला बराच वेळ सापडेना. हरणाला लागला नव्हता. त्याच्या डावीकडे मैदानाच्या कुंपणाला दसऱ्याच्या शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स होता. वर नेते, खाली तीन रांगांत शुभेच्छुक. बाण सगळ्यात खालच्या रांगेतल्या, गॉगल कपाळावर चढवलेल्या एका शुभेच्छुकाच्या गालात अडकला होता. वरच्या नेत्याला लागला असता तर दुपारपर्यंत कॉलेज बंद झालं असतं. खालच्या रांगेतल्याची कोणी चौकशीसुद्धा केली नाही. दिवाळीचा फ्लेक्स लागेपर्यंत तो गालाला भोक घेऊन शुभेच्छा देत राहिला.

मी धनुष्य टेबलावर ठेवलं आणि त्यावर माझा टॉवेल पांघरला. गोरेगावची आली ती डबा हलवत. टॉवेल बघितला, माझा सुजलेला ओठ बघितला.

"कोण गेलं?"

मी टॉवेलकडे बोट दाखवलं. तिने टॉवेलचं टोक उचललं. चिरलेलं पातं बघितलं. चाकात अडकलेला लाल दोरा दोन बोटांनी हळूच बाहेर ओढला.

"हा होता? तू ओढायच्या आधी होता?"

"हो."

"दिसला होता?"

"हो."

"मग काढला का नाहीस?"

"मामांनी बांधलेला ना... म्हणाले, आपोआप तुटू दे. मला वाटलं, तुमच्यात ते तोडत नसतील."

"आमच्यात?" ती म्हणाली. "आमच्यात कात्री असते रे गाढवा! आमच्यात कात्री असते!"

आणि ती पायरीवर बसून रडली. रडता रडता डबा उघडून खाल्लाही, कारण तिला पुढे तास होता. मी शेजारी उभा राहिलो. बसायची हिंमत झाली नाही.

मग मामा आले. त्यांनी आधी धनुष्य बघितलं, मग मैदानात हार घालून उभं असलेलं हरीण बघितलं. त्यांच्या मते दोऱ्याचा काहीच दोष नव्हता.

"हरणाक हार तू घातलंस?"

"हो मामा."

"हार घातलंस आनि मगे तेकाच बाण मारूक गेलंस? मेल्या, देवी काय गप ऱ्हवतली?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या कारणांत हेच मला सर्वांत सुसंगत वाटलं.

सर आले, त्यांनी रस्त्यांना शिव्या दिल्याच नाहीत, त्यावरून परिस्थिती कळली. पातं परदेशातून मागवावं लागणार होतं. दोन महिने. चाचणी बारा दिवसांवर. त्यांनी कपाटाच्या वरून बांबूची धनुष्यं काढली, फुंकर मारली, आणि गोरेगावचीला म्हणाले, "इंडियन राउंड. बांबूचा वेगळा गट असतो. नाव तिकडे घालू."

"सर, खोकं आल्यापासून मी बांबू हातात धरला नाही."

"मग आता धर. की विमा विकतेस?"

मी बांबूवरही कोणाला हरवेन अशी शक्यता नव्हती, त्यामुळे माझं नाव यादीतून सरळ गळालं. मला त्याचं फार वाटलं नाही. मला तिच्याकडे बघता येत नव्हतं, एवढंच.

पण गट बदलायला अर्ज लागत होता, आणि अर्ज मला येतो. अर्ध्या तासात मी असा अर्ज लिहिला की तो वाचून नकार देणाऱ्याला रात्री झोप लागू नये. तो मंजूर झाला. शिवाय सरांनी मला धनुष्य मोडल्याचा अहवाल लिहायला सांगितला. त्यात 'कारण' असा रकाना होता. दोरा लिहिला तर मामा अडचणीत. तांत्रिक बिघाड लिहिला तर खोटं. घरी नेऊन आईला दाखवला. आईने चौथीनंतर शाळा सोडली, पण म्हणी तिच्याकडे सगळ्या आहेत. ती म्हणाली, "भीड भिकेची बहीण. लिही तेच." मी 'कारण: भीड' असं लिहिलं. सरांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

पुढचे बारा दिवस मी तिचे बाण गोळा केले. बांबूच्या धनुष्यात पलीकडून कोणी 'दे, मी धरतो' म्हणत नाही. सगळं वजन शेवटपर्यंत आपलं. पहिल्या दिवशी तिचे दोन बाण लक्ष्यापर्यंत पोचलेच नाहीत, गवतात घुसले. मी ते शोधून आणले, पुसले, दिले. ती माझ्याशी फक्त आकड्यांत बोलायची. "सात." "चार." "एक राहिला, कुंपणाकडे." पाचव्या दिवशी तिच्या बोटांची सालं निघाली आणि ती म्हणाली, "ए अर्जवाल्या, टेप दे." मला वाटलं, चला, सुरुवात झाली. आठव्या दिवशी बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात बसायला लागले. मी टाळी वाजवली.

"गप रे," ती म्हणाली. "वाट लावून झाल्यावर टाळ्या वाजवतोय."

पण त्या दिवशी तिने डब्यातला अर्धा पराठा मला दिला.

चाचणीच्या दिवशी मी गेलो नाही. सर म्हणाले होते चल, पण मी तिथे उभा असलो आणि तिचा एक बाण जरी चुकला, तरी ती माझ्याकडे बघणार, आणि ते मला सहन झालं नसतं. मी सकाळीच पप्पांबरोबर जंगलात गेलो. मदत करतो म्हटलं. पप्पांनी हातात काथ्याचा ब्रश दिला आणि टाकी घासायला लावली.

दुपारी कुंपणापलीकडे चितळं आली. सात-आठ. इतक्या जवळून मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. आणि लाज वाटते सांगायला, पण माझी नजर आपोआप खांद्यामागच्या त्या पंजाएवढ्या जागेवर गेली. एका मादीने कान हलवला आणि माझ्याकडे असं बघितलं जसं तिने माझा अहवाल वाचला होता.

"तुझं ते फोमचं बरं," पप्पा म्हणाले. "रोपं खात नाही." मग टाकीत डोकावून, "त्या पोरीचं आज होतं ना? काय झालं?"

"कळलं नाही अजून. इथे रेंज नाही."

"मग इथे कशाला आलास?"

"म्हणूनच."

पप्पांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. "चल. गेटपाशी रेंज येते."

"पप्पा, टाकी राहिलीय."

"टाकी कुठे पळून जात नाही. हरणंसुद्धा थांबतात. चल म्हटलं ना."

गेटपर्यंत अर्धा तास लागला. पप्पा पुढे, मी मागे, फोन हातात धरून, जसा काही तो फुटेल. शेवटच्या वळणावर तो एकदम थरथरला. आधी सरांचा मेसेज, त्यात फक्त मुलुंडला जायच्या रस्त्याबद्दल शिव्या. मग मामांचा, देवीचा फोटो. मग तिचा. मी तो पप्पांना वाचून दाखवला, कारण एकट्याने वाचायचं धैर्य नव्हतं.

"चौथी आले. संघात तिघी घेतात, चौथी राखीव. म्हणजे त्यांच्यातली कोणी आजारी पडली की मी. बाबा म्हणाले, राखीव म्हणजे अर्धं, म्हणून दोनऐवजी एक वर्ष दिलंय. विमा या जूनऐवजी त्याच्या पुढच्या जूनपर्यंत थांबेल. तू उद्या लवकर ये आणि मामांकडून लाल दोरा घेऊन ये. त्या तिघींच्या धनुष्यांची पूजा करायचीय."